प्रभावी व्यवस्थापनाचे स्थान

प्रभावी व्यवस्थापनाचे स्थान ही एखादी कंपनी कोणत्या देशाची कर-निवासी आहे हे ठरवण्यासाठी वापरली जाणारी करकायद्यातील संकल्पना आहे. कंपनीची नोंदणी कोठे झाली यापेक्षा तिचे महत्त्वाचे निर्णय प्रत्यक्षात कोठे घेतले जातात, या प्रश्नावर ही कसोटी उभी आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला व्यवहारात 'पोएम' असे म्हटले जाते. भारताच्या प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील कलम ६(३) मध्ये ही कसोटी वित्त अधिनियम, २०१५ द्वारे आणली गेली. ती १ एप्रिल २०१७ पासून, म्हणजे आकारणी वर्ष २०१७-१८ पासून लागू झाली. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणारा नवा कायदा असून त्यातही ही कसोटी कायम ठेवण्यात आली आहे.

भारतात राहून दुबई, सिंगापूर, एस्टोनिया किंवा अमेरिकेतील डेलावेअर येथे नोंदलेली कंपनी चालवणाऱ्यांच्या दृष्टीने या कसोटीला विशेष महत्त्व आहे. अशी कंपनी भारताची निवासी ठरल्यास तिचे जगभरातील सर्व उत्पन्न भारतात करपात्र होते. मात्र ही कसोटी लागू झाली नाही म्हणून मालकाची करविषयक जबाबदारी संपते असे नाही. व्यक्तीचे स्वतःचे उत्पन्न, विदेशी मालमत्तेची माहिती देण्याचे बंधन आणि परकीय चलन व्यवस्थापन कायदा यांचे नियम स्वतंत्रपणे लागू राहतात.

पार्श्वभूमी

कंपनीचे 'निवासस्थान' शोधण्याची कल्पना इंग्लंडच्या न्यायालयांत घडली आणि तिच्या अगदी पहिल्या खटल्यांपैकी एक भारताशी निगडित आहे. कलकत्ता ज्यूट मिल्स विरुद्ध निकोल्सन (१८७६) या खटल्यातील कंपनी इंग्लंडमध्ये नोंदलेली होती, तिची तागाची गिरणी बंगालमध्ये इशापूर येथे होती आणि संचालक मंडळ लंडनमध्ये बसत असे. ताग, कामगार आणि यंत्रे बंगालमध्ये असूनही कंपनी इंग्लंडची निवासी ठरली व तिच्या संपूर्ण नफ्यावर तेथे कर लागला. त्याच वर्षीच्या चेझेना सल्फर कंपनीच्या खटल्यात खाणी इटलीत होत्या, निष्कर्ष तोच निघाला.

डी बियर्स विरुद्ध हाउ (१९०६) या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व पक्के केले. ही हिरे कंपनी दक्षिण आफ्रिकेत नोंदलेली होती, खाणी आणि मुख्य कार्यालय किंबर्ले येथे होते. तथापि बहुसंख्य संचालक लंडनमध्ये राहत आणि धोरणाचे निर्णय तेथील बैठकांत होत. केंद्रीय व्यवस्थापन व नियंत्रण प्रत्यक्षात जेथे वसते तेथे कंपनी राहते, असे लॉर्ड लोरबर्न यांनी ठरवले. पुढे युनिट कन्स्ट्रक्शन विरुद्ध बुलक (१९६०) या खटल्यात पूर्व आफ्रिकेतील उपकंपन्यांची संचालक मंडळे कागदावर तिकडेच होती, परंतु सर्व निर्णय लंडनमधील मूळ कंपनी घेत होती. उपकंपन्या ब्रिटनच्या निवासी ठरल्या. गंमत अशी, की या खटल्यात त्या ब्रिटनच्या निवासी आहेत असा आग्रह करदात्याचाच होता, कारण त्यामुळे त्याला समूहांतर्गत वजावट मिळणार होती. घटनापत्रिकेत काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे, हा या निकालाचा गाभा आजच्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांतही दिसतो.

भारतीय न्यायालयांपुढे हा प्रश्न सुरुवातीला सिलोनच्या व्यापाराच्या निमित्ताने आला. सुब्बय्या चेट्टियार विरुद्ध प्राप्तिकर आयुक्त (१९५०) या खटल्यात कोलंबोत वास्तव्य व व्यापार असलेल्या कर्त्याच्या हिंदू अविभक्त कुटुंबाचा प्रश्न होता. नियंत्रण व व्यवस्थापन म्हणजे व्यवसायाला दिशा देणारी शक्ती, त्याचे 'मस्तक आणि मेंदू', असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ते पूर्णपणे भारताबाहेर होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्यावर टाकण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने नरोत्तम अँड परेरा लिमिटेड (१९५३) या प्रकरणात मुंबईच्या कंपनीच्या सिलोनमधील जहाजमाल हाताळणीच्या व्यवसायाबाबत असाच विचार केला. कोलंबोतील प्रतिनिधीला व्यापक अधिकारपत्र दिलेले असले, तरी त्याच्यावर देखरेख ठेवण्याची व त्याला रोखण्याची सत्ता मुंबईतील संचालकांकडे असल्याने नियंत्रण मुंबईतच आहे, असा निर्वाळा मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने दिला.

२०१५ पूर्वीचा नियम आणि बदल

२०१५ पूर्वीच्या तरतुदीनुसार विदेशी कंपनी भारताची निवासी ठरण्यासाठी तिच्या कारभाराचे नियंत्रण व व्यवस्थापन त्या वर्षात 'संपूर्णपणे' भारतात असणे आवश्यक होते. या एका शब्दामुळे तरतूद जवळजवळ निरुपयोगी झाली होती. वर्षातून संचालक मंडळाची एखादी बैठक परदेशात घेतली की नियंत्रण 'संपूर्णपणे' भारतात राहत नसे आणि कंपनी सुटत असे. वित्त विधेयक, २०१५ च्या स्पष्टीकरणात्मक निवेदनात सरकारने हीच त्रुटी नोंदवली होती.

नव्या व्याख्येनुसार, संस्थेचा एकंदर व्यवसाय चालवण्यासाठी आवश्यक असलेले प्रमुख व्यवस्थापकीय व व्यापारी निर्णय तत्त्वतः जेथे घेतले जातात ते प्रभावी व्यवस्थापनाचे स्थान होय. विधेयकात 'वर्षातील कोणत्याही वेळी' असे शब्द होते. त्यामुळे भारतात झालेल्या एखाद्या बैठकीनेही कंपनी अडकली असती. अशी टीका झाल्यावर ते शब्द कायदा करताना वगळण्यात आले. वित्त अधिनियम, २०१६ ने अंमलबजावणी एक वर्ष पुढे ढकलली आणि प्रथमच निवासी ठरणाऱ्या विदेशी कंपन्यांच्या संक्रमणासाठी कलम ११५जेएच घातले.

याआधी प्रत्यक्ष कर संहिता विधेयक, २०१० मध्ये ही कसोटी तर होतीच, शिवाय 'नियंत्रित विदेशी कंपनी' नियमही होते. त्या नियमांनुसार विदेशी कंपनीत साठवून ठेवलेला नफा लाभांश न वाटताही भारतीय मालकाच्या हाती करपात्र झाला असता. ते विधेयक व्यपगत झाले आणि असे नियम भारतात आजतागायत आलेले नाहीत. विदेशी कंपनी अनिवासी राहिली तर तिच्यात ठेवलेल्या नफ्यावर लाभांश वाटेपर्यंत भारतात कर लागत नाही. प्रभावी व्यवस्थापनाच्या कसोटीवर इतका भार पडतो तो याचमुळे: अन्य अनेक देशांत दोन वेगळ्या नियमांनी होणारे काम भारतात या एकाच कसोटीकडून करवून घेतले जाते.

मार्गदर्शक तत्त्वे

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २४ जानेवारी २०१७ रोजी परिपत्रक क्रमांक ६ द्वारे मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनी विदेशी कंपन्यांचे दोन गट पाडले आहेत.

पहिला गट भारताबाहेर सक्रिय व्यवसाय असलेल्या कंपन्यांचा. यासाठी कंपनीचे निष्क्रिय उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक नसावे, तसेच भारतातील मालमत्ता, भारतात असलेले किंवा भारताचे निवासी असलेले कर्मचारी आणि त्यांच्यावरील वेतनखर्च हे तिन्ही एकूण प्रमाणाच्या ५० टक्क्यांहून कमी असावेत. आकडे संबंधित वर्ष व त्याआधीची दोन वर्षे यांच्या सरासरीने घेतले जातात. रॉयल्टी, लाभांश, भांडवली नफा, व्याज व भाडे हे निष्क्रिय उत्पन्न होय. बँकिंगसारख्या व्यवसायातील व्याजाला अपवाद आहे. ज्या व्यवहारात खरेदी आणि विक्री दोन्ही सहयोगी संस्थांशीच होते त्याचे उत्पन्नही निष्क्रिय धरले जाते. समूहातील एका कंपनीकडून माल घेऊन दुसरीला विकणाऱ्या मधल्या व्यापारी कंपन्या या वाक्यामुळे अडचणीत येतात.

या गटातील कंपनीच्या संचालक मंडळाच्या बहुसंख्य बैठका भारताबाहेर होत असतील, तर प्रभावी व्यवस्थापन भारताबाहेर असल्याचे गृहीत धरले जाते. मात्र मंडळ आपले अधिकार बाजूला ठेवून बसले असेल आणि ते अधिकार मूळ कंपनी किंवा भारतातील कोणी निवासी व्यक्ती वापरत असेल, तर हे गृहीतक गळून पडते. समूहाची वेतनप्रक्रिया, लेखांकन, मनुष्यबळ, माहिती तंत्रज्ञान यांविषयीची सर्वसाधारण धोरणे पाळली, एवढ्याने मंडळ बाजूला बसले असे होत नाही. भारतात प्रादेशिक मुख्यालय असलेल्या समूहांसाठी मंडळाने २३ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रक क्रमांक २५ मध्ये हाच खुलासा केला.

उर्वरित सर्व कंपन्या दुसऱ्या गटात येतात व त्यांची तपासणी दोन टप्प्यांत होते. प्रमुख निर्णय घेणाऱ्या व्यक्ती कोण हे आधी ठरते, नंतर ते निर्णय त्यांनी कोठून घेतले हे पाहिले जाते. निर्णयाची अंमलबजावणी कोठे झाली याला कमी महत्त्व आहे. कनिष्ठ व मध्यम पातळीवरील दैनंदिन कामकाजाचे निर्णय विचारात घेतले जात नाहीत. मंडळाने कार्यकारी समितीकडे अधिकार सोपवले असतील आणि स्वतः केवळ शिक्कामोर्तब करत असेल, तर समितीचे स्थान पाहिले जाते. दूरध्वनी वा दृक्‌श्राव्य माध्यमातून बैठका होत असतील, तर निर्णय घेणारे किंवा त्यांतील बहुसंख्य जेथे सहसा राहतात ते स्थान महत्त्वाचे ठरते. परिपत्रित ठरावांनी कारभार चालत असल्यास निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे, तो प्रत्यक्षात कोण वापरतो व कोठून, हे तपासले जाते. एवढ्यानेही उत्तर मिळाले नाही तर मुख्य व्यवसाय कोठे चालतो आणि हिशेबाची पुस्तके कोठे ठेवली जातात हे दुय्यम घटक विचारात येतात.

विदेशी कंपनी संपूर्णपणे भारतीय मालकीची असणे, काही संचालक भारतात राहणे, किंवा तिची भारतात आस्थापना असणे यांपैकी कोणतीही एक गोष्ट स्वतःहून निर्णायक नाही, असे परिपत्रक स्पष्टपणे सांगते. भारतीय बहुराष्ट्रीय कंपन्यांना लक्ष्य करण्याचा हेतू नसून खऱ्या नियंत्रणापासून उत्पन्न वेगळे ठेवणाऱ्या कागदी कंपन्या हे लक्ष्य आहे, असेही त्या वेळी सांगण्यात आले. कारवाईला दोन पायऱ्यांची पूर्वसंमती लागते. आकारणी अधिकाऱ्याला चौकशी सुरू करण्यापूर्वी प्रधान आयुक्त किंवा आयुक्त यांची, आणि निष्कर्ष काढण्यापूर्वी तीन सदस्यांच्या समूहाची मान्यता घ्यावी लागते. हा समूह कंपनीला आपली बाजू मांडण्याची संधी देतो.

५० कोटींची मर्यादा

२३ फेब्रुवारी २०१७ च्या परिपत्रक क्रमांक ८ नुसार ज्या विदेशी कंपनीची वार्षिक उलाढाल किंवा एकूण प्राप्ती ५० कोटी रुपये वा त्याहून कमी आहे तिला ही कसोटी लागू होत नाही. एकट्या सल्लागाराची किंवा छोट्या सॉफ्टवेअर व्यवसायाची विदेशी कंपनी यामुळे या कसोटीतून वगळली जाते.

या सवलतीचा अर्थ अनेकदा गरजेपेक्षा सैल लावला जातो. परिपत्रक केवळ कंपनीच्या निवासाबद्दल बोलते. कंपनी अनिवासी राहिली तरी तिचा भारतातील 'व्यावसायिक संबंध' किंवा करारातील 'स्थायी आस्थापना' सिद्ध झाल्यास तेवढा नफा भारतात करपात्र होतोच आणि त्यासाठी ५० कोटींची अट नाही. पुण्यातील घरातून एकच व्यक्ती ग्राहकांशी बोलणी करते, करार ठरवते आणि कामही करते, अशा स्थितीत हा धोका दूरचा नसतो. वित्त अधिनियम, २०१८ ने करार होण्यात प्रमुख भूमिका बजावणाऱ्या प्रतिनिधीलाही व्यावसायिक संबंधाच्या व्याख्येत आणले. निश्चित ठिकाणावरील स्थायी आस्थापनेचा विचार सर्वोच्च न्यायालयाने फॉर्म्युला वन (२०१७) प्रकरणात केला. त्यात काही दिवसांच्या शर्यतीसाठी वापरलेली ग्रेटर नोएडा येथील धावपट्टीही स्थायी आस्थापना ठरली. याशिवाय मालक आणि त्याची विदेशी कंपनी या सहयोगी संस्था ठरत असल्याने मालकाने कंपनीला दिलेल्या सेवेचे मूल्य बाजारभावानुसार असावे लागते. कंपनीसाठी वर्षभर राबून शून्य वेतन घेणे हे म्हणूनच सुरक्षित धोरण नाही.

निवासी ठरल्याचे परिणाम

निवासी ठरलेली विदेशी कंपनी 'देशी कंपनी' होत नाही, आणि तिला बसणारा खरा फटका येथे आहे. देशी कंपन्यांना उपलब्ध असलेला २२ टक्क्यांचा सवलतीचा दर तिला मिळत नाही. विदेशी कंपनीचा दर आकारणी वर्ष २०२४-२५ पर्यंत ४० टक्के होता, त्यानंतर तो ३५ टक्के झाला. १० कोटी रुपयांवरील उत्पन्नावर ५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरता प्रभावी दर ३८.२२ टक्के होतो. सवलतीचा दर निवडणाऱ्या देशी कंपनीसाठी हाच आकडा सुमारे २५.१७ टक्के आहे.

उदाहरणार्थ, दुबईत नोंदलेल्या कंपनीची उलाढाल ६० कोटी रुपये आणि नफा १२ कोटी रुपये आहे असे समजू. संयुक्त अरब अमिरातीत जून २०२३ पासून सुरू झालेला ९ टक्के निगम कर प्रारंभिक सूट न धरता सुमारे १.०८ कोटी रुपये होईल. कंपनीचे प्रभावी व्यवस्थापन भारतात ठरल्यास भारतातील कर सुमारे ४.५९ कोटी रुपये होईल. अमिरातीत भरलेल्या कराची वजावट मिळाली तरी सुमारे ३.५ कोटी रुपये उरतात. व्याज आणि दंड वेगळे. उरलेला नफा लाभांश म्हणून वाटला की निवासी भागधारकाला त्यावर आपल्या उत्पन्नगटाच्या दराने पुन्हा कर भरावा लागतो. तोच व्यवसाय भारतीय कंपनीतून केला असता तर एकूण कर कमी पडला असता.

दुहेरी निवास आणि करार

कंपनी दोन्ही देशांची निवासी ठरल्यास दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारातील निर्णायक कलम लागू होते. सिंगापूर आणि अमिरातीसह भारताच्या अनेक करारांत हे कलम प्रभावी व्यवस्थापनाच्या स्थानावरच बेतलेले आहे. त्यामुळे देशांतर्गत कायद्याखाली हरलेली कंपनी कराराखाली सहसा वाचत नाही. भारत-अमेरिका करारात तर दुहेरी निवासी कंपनी काही मर्यादित कलमे सोडता कराराच्या कक्षेबाहेरच जाते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१७ च्या आपल्या आदर्श करारातून ही कसोटी निर्णायक म्हणून काढून टाकली व प्रश्न दोन्ही देशांच्या सक्षम प्राधिकाऱ्यांच्या परस्पर सहमतीवर सोपवला.

एस्टोनियाने डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ई-निवास योजनेमुळे घरबसल्या युरोपीय कंपनी काढणे सोपे झाले. ई-निवास म्हणजे कर-निवास नव्हे, असे एस्टोनिया स्वतःच स्पष्ट करतो. तेथे न वाटलेल्या नफ्यावर कर नसल्याची जाहिरात होते, पण कंपनी दुसऱ्या देशाची निवासी ठरली किंवा तेथे तिची आस्थापना ठरली तर तो लाभ टिकत नाही.

न्यायनिर्णय

जुन्या 'नियंत्रण व व्यवस्थापन' कसोटीवरील परंतु आजही मार्गदर्शक असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मानसरोवर कमर्शियल विरुद्ध प्राप्तिकर आयुक्त या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये दिला. यातील 'परदेश' म्हणजे सिक्कीम. संबंधित वर्षांत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, भारताचा प्राप्तिकर कायदा सिक्कीमला लागू झालेला नव्हता आणि तेथे नोंदलेल्या काही कंपन्या सिक्कीमच्या कमी दराने कर भरत होत्या. वेलदोडा व इतर शेतमालाच्या व्यवहारांतून दलाली मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात त्यांची हिशेबाची पुस्तके व शिक्के दिल्लीतील एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात सापडले आणि नियंत्रणही त्याच्याच हाती असल्याचे दिसून आले. कंपन्यांचे नियंत्रण दिल्लीतच असल्याचे न्यायालयाने मान्य केले. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने बायवॉटर इन्व्हेस्टमेंट्स (२०१६) प्रकरणात असाच निष्कर्ष काढला होता. तेथेही परदेशी संचालक सिडनीतील एका लेखापालाच्या सूचनांवर केवळ सह्या करत होते.

मालक व्यक्तीची जबाबदारी

कंपनीचे काहीही ठरो, भारताच्या सर्वसाधारण निवासी व्यक्तीला विदेशी कंपनीकडून मिळणारे वेतन, लाभांश आणि समभाग विक्रीचा नफा भारतात जाहीर करावा लागतो. परदेशात कापलेल्या कराची वजावट नमुना ६७ भरून मिळते. विदेशी कंपनीतील हिस्सा, विदेशी बँक खाते, इतकेच नव्हे तर केवळ सहीचा अधिकार असलेले खातेही विवरणपत्राच्या 'एफए' परिशिष्टात द्यावे लागते. हे परिशिष्ट आर्थिक वर्षाऐवजी दिनदर्शिका वर्षानुसार भरायचे असते आणि चुका बहुधा तेथेच होतात. विदेशी मालमत्ता असणाऱ्याला आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ हे सोपे नमुने वापरता येत नाहीत, आणि करपात्र उत्पन्न नसले तरी विवरणपत्र भरावेच लागते.

१ जुलै २०१५ पासून लागू झालेल्या काळा पैसा (अघोषित विदेशी उत्पन्न व मालमत्ता) कायद्यानुसार अघोषित विदेशी उत्पन्नावर ३० टक्के कर आणि त्या कराच्या तिप्पट दंड आहे. हेतुपुरस्सर करचुकवेगिरीसाठी ३ ते १० वर्षे सश्रम कारावासाची तरतूद आहे. पैशाचा स्रोत पूर्णपणे स्वच्छ असतानाही मालमत्ता परिशिष्टात न दाखवल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या, स्थावर सोडून इतर मालमत्तेला या दंडातून वगळण्यात आले आहे. विदेशी खात्यांची माहिती भारताला २०१७ पासून स्वयंचलित देवाणघेवाणीतून मिळते. अमेरिकेशी यासाठीचा स्वतंत्र करार ९ जुलै २०१५ रोजी झाला.

परकीय चलनाची बाजू प्राप्तिकराहून वेगळी आहे. २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या विदेशी गुंतवणूक नियमांनुसार सूचीबद्ध नसलेल्या विदेशी कंपनीतील कोणताही भागभांडवली हिस्सा ही थेट गुंतवणूक मानली जाते. मग रक्कम एक डॉलर असली तरी फरक पडत नाही. निवासी व्यक्ती उदारीकृत प्रेषण योजनेच्या वार्षिक २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत, अधिकृत बँकेमार्फत नमुना 'एफसी' भरून व विशिष्ट ओळख क्रमांक घेऊन ही गुंतवणूक करू शकते. वित्तीय सेवा देणारी किंवा स्वतःच्या उपकंपन्या असलेली कंपनी नियंत्रणाखाली ठेवण्यावर व्यक्तींसाठी निर्बंध आहेत. वार्षिक कामगिरी अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो. १० टक्क्यांहून कमी हिस्सा, नियंत्रण नाही व अन्य वित्तीय बांधिलकी नाही, अशांना त्यातून सूट आहे. संकेतस्थळावरून काही मिनिटांत अमेरिकन कंपनी काढून क्रेडिट कार्डाने शुल्क भरणारे हा टप्पा बहुधा चुकवतात.

दूरस्थ काम

कोविड-१९ च्या साथीत अनेक संचालक महिनोन्‌महिने आपल्या देशात अडकून पडले. अशा असाधारण व तात्पुरत्या स्थलांतराने कंपनीचे प्रभावी व्यवस्थापन बदलू नये, असे मार्गदर्शन आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सचिवालयाने एप्रिल २०२० मध्ये केले. भारतात मंडळाने मे २०२० मध्ये काढलेले परिपत्रक क्रमांक ११ मात्र व्यक्तींच्या निवासाच्या दिवसांपुरते होते. साथीनंतर कायमच घरून काम करणाऱ्या संस्थापकांना 'तात्पुरते' हा युक्तिवाद उपलब्ध नाही. परदेशातील नामधारी संचालकाच्या सहीपेक्षा संस्थापकाचे ईमेल, संदेश आणि बँकेच्या प्रवेशनोंदी निर्णय कोठे होतात हे अधिक स्पष्टपणे दाखवतात.